किल्लीला किल्ली

आमच्या घराची किल्ली नऊ वर्षं ललिताकाकूंच्या स्वयंपाकघरात, दाराच्या मागे, चौथ्या खिळ्यावर लटकलेली असायची. तिला हिरवा दोरा बांधलेला होता. लाकडाच्या त्या पाटीवर अकरा खिळे होते, आणि अकराही भरलेले. कुठल्याच किल्लीवर नाव नाही. "नाव लिवलं तं चोराले सोपं," असं काकूंचं म्हणणं. कुठला दोरा कोणत्या घराचा हे फक्त त्यांना ठाऊक. धर्मपालकाकांनी, म्हणजे काकूंच्या नवऱ्यानं, सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपात पाने ओळखण्यात घालवली, पण त्या पाटीसमोर त्यांचंही डोकं चालायचं नाही.

आमची कॉलनी अमरावतीच्या टोकाला. सगळे नोकरदार, आणि बहुतेक सगळे अपडाऊनवाले. मी बडनेऱ्याहून गाडी पकडून रोज अकोल्याला जातो, सरकारी ऑफिसात कारकून आहे. माझी बायको पौर्णिमा चांदूर बाजारच्या पुढं एका खेड्यातल्या शाळेवर. सकाळी साडेसातला आमच्या दाराला कुलूप लागायचं ते संध्याकाळी सहाला निघायचं. मधल्या वेळात गॅसवाला यायचा, मीटर बघणारा यायचा, आणि एक वाजता आमची माधवी शाळेतून यायची. या सगळ्यांसाठी काकू होत्या. सिलिंडर आला की खिळ्यावरची किल्ली काढायच्या, दार उघडायच्या, आणि काम होईपर्यंत उंबऱ्यावर उभ्या राहायच्या. दार सताड उघडं ठेवायच्या. नऊ वर्षांत त्या आमच्या गैरहजेरीत आमच्या घरात एकदाही खाली बसल्या नाहीत, हे मी शपथेवर सांगतो.

त्यांचा एक नियम होता. जो आपली किल्ली काकूंकडे ठेवील, त्याला काकू स्वतःच्या घराची किल्ली देत. नको म्हटलं तरी देत. म्हणजे त्यांच्या घराच्या अकरा किल्ल्या कॉलनीत फिरत होत्या. "आपलं घर नाई हे, बसस्टँड हाय," धर्मपालकाका म्हणायचे. मला हे सगळं काकूंचं खूळ वाटायचं. मी त्यांची किल्ली घेतली, आमच्या टीव्हीच्या कपाटावर टाकली आणि विसरून गेलो.

माधवी एक वाजता आली की आधी काकूंकडे. दप्तर तिथंच, जेवण तिथंच. आमच्या घरी डब्यात पोळीभाजी झाकून ठेवलेली असायची, तिला संध्याकाळी पौर्णिमाच हात लावायची. पोरीला काकूंची ज्वारीची गरम भाकर आणि अंबाडीची भाजी पाहिजे. तीनचा पाढा तिला काकांनी शिकवला, आणि शिव्याही दोन-चार त्यांनीच शिकवल्या.

मग तो दिवस आला. माधवी तेव्हा दहा वर्षांची होती. आदल्या संध्याकाळी काकू फाटकाशी येऊन सांगून गेल्या होत्या, "उद्या आमी दोघं दर्यापूरले चाललो, भाचीचं लग्न हाय. माधुजवळ किल्ली द्या बरं." हो म्हणालो. सकाळच्या घाईत नवरा-बायको दोघंही विसरलो. झालं काय, तर आमची किल्ली काकूंच्या बंद घरात, आणि काकूंची किल्ली आमच्या बंद घरात, टीव्हीच्या कपाटावर. बाकी दहा घरांतही काकूंची किल्ली होती, पण एक वाजता आमच्या कॉलनीत काका-काकू सोडून कोणी नसायचंच. पोरगी सहा वाजेपर्यंत पायरीवर बसून होती. उपाशी. मी घरी आलो तर तिचे डोळे रडून सुजलेले.

चूक सरळ सरळ आमची होती. पण मी तापट माणूस. माझा राग ज्याचा त्याला जाऊन लागत नाही, जो समोर येईल त्याला लागतो. दुसऱ्या दिवशी काकू लग्नाचे लाडू घेऊन आल्या, आणि मी फाटकातच सुरू झालो.

"काकू, लेकरू पाच घंटे पायरीवर बसलं. तुमच्या खिळ्यावर किल्ली असून उपयोग काय मंग?"

पौर्णिमा माझा शर्ट ओढत होती. आजूबाजूच्या दोन-तीन घरांतून लोक बाहेर आले होते. काकू म्हणू शकल्या असत्या की मी सांगून गेले होते. त्या म्हणू शकल्या असत्या की माझी किल्ली तुमच्याजवळ होती. त्या एवढंच म्हणाल्या, "चुकलं बाप्पा," आणि लाडवांचा डबा पौर्णिमाच्या हातात देऊन गेल्या. ते "चुकलं" मला तेव्हा बरोबर वाटलं, याची मला आज लाज वाटते.

पुढच्याच आठवड्यात मी ते कुलूप आणलं. नंबरवालं. दांडीच्या वर दहा बटणं, नंबर दाबला की कुर्रर्र आवाज येऊन दार उघडतं. खालचं छोटं झाकण सरकवलं की किल्लीचं भोक. सेल संपले किंवा बटणं बिघडली तर किल्लीनं उघडायचं. नंबरनं उघडा नाहीतर किल्लीनं, दार दोघांनाही ओळखतं. डब्यात दोन किल्ल्या होत्या. बसवणारा मिस्त्री जाताना म्हणाला, "एक किल्ली बाहेर कोनाजवळ तरी ठेवा साहेब. वेळ सांगून येत नाई."

काकू त्यांच्या फाटकाला टेकून बघत होत्या. "याले किल्ली बी हाय काय?" त्यांनी विचारलं.

"हाय," मी म्हणालो, "पन तिचं काम पडत नाई."

एक किल्ली मी बँकेच्या लॉकरात ठेवली, दुसरी अकोल्याला ऑफिसच्या टेबलात. शंभर किलोमीटरवर! माझ्या शहाणपणाला तेव्हा तोड नव्हती.

संध्याकाळी काकू हिरव्या दोऱ्याची जुनी किल्ली घेऊन आल्या. "हे घ्या. आता हिचं काय काम?" मी घेतली. चार-पाच दिवसांनी पुन्हा आल्या. उंबऱ्याच्या बाहेरच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आमची किल्ली हाय नं तुमच्याकडं, ते देऊन देता काय? असू द्या, तुमाले बी कायले लफडं." मी टीव्हीच्या कपाटावरून ती शोधली, धूळ पुसली आणि दिली. मला काहीच वाटलं नाही. उलट एक वस्तू कमी झाली असं वाटलं.

माधवीला नंबर पाठ झाला. ती एक वाजता सरळ घरी यायची, टीव्ही लावायची आणि मॅगी करून खायची. पौर्णिमानं मला नंतर कधीतरी सांगितलं की काकू पहिला पंधरवडा एक भाकर जास्तीची करत होत्या, आणि दुपारी फाटकाशी येऊन उभ्या राहत होत्या. पोरगी "काकू!" म्हणून हात हलवायची आणि पळायची. तिचाही दोष नाही. दहा वर्षांच्या लेकराला स्वतःच्या घराचं दार स्वतः उघडायला मिळालं होतं.

माझं बघून दुसऱ्यानं कुलूप बसवलं, त्याचं बघून तिसऱ्यानं. लोक मला विचारून घेऊन जायचे, आणि मी फुशारकीनं सांगायचो की कोणतं चांगलं, सेल किती दिवस जातात, किल्ल्या लॉकरात ठेवा. तीन वर्षांत पाटीवर दोन दोरे उरले. मग धर्मपालकाका गेले. काकूंचे गुडघे बसले. मुलगा संघपाल आणि सून प्रियदर्शनी दोघंही अकोल्यात नोकरीला, जठारपेठेत त्यांचा तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. त्यांनी आईला तिकडं नेलं, आणि ते बरोबरच केलं.

नेण्याच्या आधी संघपालनं मला फोन केला होता. "श्यामदादा, फ्लॅटले तुमच्यासारखंच कुलूप लावाव म्हनतो. माय किल्ली हरवून टाकीन." मी त्याला कुलपाचं नाव सांगितलं. आणि न विचारता हेही सांगितलं की किल्ल्या घरात ठेवू नको, म्हाताऱ्या माणसाच्या हाती तर अजिबात देऊ नको, दोन्ही लॉकरात टाक. त्यानं तसंच केलं. नंबर मात्र त्यानं आईचा विचार करून ठेवला: चौदा-दहा, ऑक्टोबरची चौदा तारीख, धम्मदीक्षेचा दिवस. आता तो बदललेला आहे, म्हणून सांगायला हरकत नाही.

माझं ऑफिस जठारपेठेपासून पायी दहा मिनिटांवर. दिवाळीनंतर एका दुपारी मी काकूंना भेटायला गेलो. त्यांना इतका आनंद झाला की चहात साखर दोनदा पडली. घर छान होतं, स्वच्छ, हवेशीर. पण नवरा-बायको साडेआठला जाणार आणि सातला येणार. तोवर काकू, टीव्ही आणि बाल्कनी. चहा पिऊन झाल्यावर त्या माझ्याजवळ सरकून बसल्या.

"श्यामभाऊ, एक काम हाय तुमच्याकडं."

"सांगा नं काकू."

"या दाराची किल्ली मले पायजे. संघपालले सांगा."

मी हसलो. "काहून? नंबर इसरता काय?"

"नंबर कायले इसरू?" काकू एकदम फणकारल्या. "चवदा-दाहा इसरली तं मंग जगून काय करू मी? नंबर पाठ हाय. मले किल्ली पायजे."

"मंग तुमीच मांगा नं त्याले."

"मी मांगतली तं त्याले वाटन, मायले इथं करमून नाई राहिलं. किती हौसेनं लावलं त्यानं. त्याच्या घरात मी नवी हाय, श्यामभाऊ. तुमी यातले जानकार, तुमचं आयकते तो."

मी "सांगतो" म्हणालो. मग त्यांनी मला आत नेऊन फ्रिजच्या बाजूला चिकटवलेला प्लास्टिकचा हूक दाखवला. मुलाच्या नव्या भिंतीत खिळा कसा ठोकणार! हुकावर एक किल्ली होती, पिवळ्या दोऱ्याची.

"समोरच्या आरतीची," काकू म्हणाल्या. त्यांचा चेहरा मी दोन वर्षांत इतका उजळलेला बघितला नव्हता. "लय गुनाची पोरगी हाय. शाळेत शिकवते. तिचं लेकरू बारा वाजता येते, माह्याजवळ जेवते. परवा स्वताहून म्हने, काकू, तुमी दिवसभर घरीच असता, किल्ली ठेवता का? म्हनलं आन."

अक्कल असलेल्या माणसाला एवढ्यावर कळलं असतं. समोरच्या बाईनं किल्ली दिलेली, आणि काकू या घराची किल्ली मागतात. नऊ वर्षं मी त्यांचा नियम बघितला होता, त्यांची किल्ली माझ्या कपाटावर धूळ खात होती. पण माझ्या डोक्यात एकच बसलं होतं: म्हातारं माणूस, बटणांची भीती, किल्लीचा हट्ट. गाडी गाठायची म्हणून मी उठलो.

संघपालला मी फोन केला नाही. का केला नाही, याची खरी गोष्ट सांगतो. किल्ल्या लॉकरात ठेव असं मीच त्याला ठणकावून सांगितलं होतं. आता एक काढून आईला दे म्हणायचं म्हणजे माझा सल्ला चुकला असं कबूल करायचं. एवढ्याशा गोष्टीसाठी कशाला, असं मनाला समजावलं. आज नको उद्या, उद्या नको रविवारी.

संक्रांतीला तिळगूळ द्यायला गेलो तेव्हा काकूंनी दारातच विचारलं, "सांगतलं काय?"

"या रविवारी पक्कं सांगतो काकू. कामाच्या धबडग्यात राहूनच गेलं."

"बरं," त्या म्हणाल्या. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो तर हूक रिकामा. "आरतीची किल्ली कुठी गेली?"

"देऊन देली परत."

"काहून?"

"असंच," काकू म्हणाल्या आणि तिळगुळाचा डबा उघडून बसल्या. भांडणबिंडण झालं असेल, बायकांचं चालायचंच, असा मी माझ्या मनाशी निकाल लावला. त्यानंतर मार्चात एकदा गेलो. तेव्हा काकूंनी किल्लीचा विषयच काढला नाही. मला सुटल्यासारखं वाटलं.

मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी संघपालचा फोन. सगळे लग्नाहून परत आलेले, दारात उभे, बाहेर पंचेचाळीसचं ऊन आणि कुलूप मेलेलं. बटणं दाबली तर हूं नाही की चूं नाही. सेल संपत आल्याचं सांगायला ते महिनाभर पिंपिं करत होतं, यांना वाटलं नवीन कुलपं बोलतात तशी. बँक बंद, आणि किल्ल्या बँकेत. "श्यामदादा, तुमीच म्हनलं होतं लॉकरात ठेव," तो म्हणाला. रागानं नाही, पण म्हणाला. मी त्याला चौकोनी नऊ व्होल्टचा सेल आणून कुलपाच्या खालच्या दोन टोकांना लावायला सांगितलं. अर्ध्या तासात दार उघडलं. त्या अर्ध्या तासात काकू जिन्याच्या पायरीवर पदरानं वारा घेत बसल्या होत्या, असं तो म्हणाला.

दोन दिवसांनी त्यानं दोन्ही किल्ल्या लॉकरातून काढल्या आणि मला ऑफिसात भेटायला आला. आता कुठं ठेवू, असं विचारायला. तेव्हा कुठं माझं तोंड उघडलं.

"एक काकूले दे," मी म्हणालो. "त्यायनं मांगतली होती. दिवाळीपासून."

संघपालनं एक किल्ली माझ्या टेबलावर सरकवली. "मंग सांगाचं नं! तवाच देली असती. मले काय मालूम? घ्या, तुमीच नेऊन द्या तिले आता, खूश होईन."

एका मिनिटाचं काम होतं. सहा महिने मी ते एक मिनिट काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी डबा खायच्या सुट्टीत मी जठारपेठेत गेलो. खरं सांगायचं तर जरा ऐटीतच गेलो. पौर्णिमाच्या शिवणाच्या डब्यातून लाल दोरा मागून घेतला होता, किल्लीला बांधला होता. काकूंनी दार उघडलं. मी किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली.

त्यांनी ती उलटीसुलटी करून बघितली. दोऱ्याला हात लावला. आनंद झाला असं काही दिसलं नाही.

"तुमचीच हाय काकू. या दाराची. संघपालनं देली."

"हो," त्या म्हणाल्या. "आता कोनाले देऊ?"

मला समजलं नाही. मी म्हणालो, "कोनाले कायले? तुमच्याजवळ ठेवा."

"मले काय कराची? मी नंबर दाबून येतेच नं." काकूंनी समोरच्या दाराकडं हात केला. ते बंद होतं, कडीला मोठं काळं कुलूप होतं. "आरतीसाठी पायजे होती. तिनं तिची देली. आपन नाई देली तं कसं दिसते, श्यामभाऊ? तिचं घर माह्या हातात, अन् माहं घर तिले बंद. मी किती दिवस ठेवू तिची? दोन महिने ठेवली. मंग देऊन देली."

"नंबर सांगाचा होता तिले."

"संघपालनं म्हनलं होतं कोनाले सांगू नको. अन् नंबर सांगतला तं तो वापस कसा घ्याचा? किल्ली देता येते, मांगता येते. तिले बी बरं, मले बी बरं."

मी खाली बसलो. खुर्ची होती पण मी चपला काढायच्या पाटावर बसलो. काकू उभ्याच होत्या.

"किल्ली देऊन देली तसं लेकरू येनं बी बंद झालं. तिले वाटलं मी रागावली. एप्रिलात बुलढान्याले बदली झाली तिची. जाताना सामान खाली गेल्यावर एकटी वर आली. दारात उभी राहून म्हने, काकू, माहं काई चुकलं काय?" काकूंनी किल्लीचा लाल दोरा बोटाला गुंडाळला. "मले काय सांगाव सुचलंच नाई. काई नाई बाई, म्हनलं. अन् गेली ते."

त्या सहा महिन्यांत मी रोज या इमारतीवरून चहा प्यायला जात होतो. माझ्या खिशात फोन होता. मला स्वतःचीच इतकी चीड आली की तोंडातून शिवी निघाली. काकूंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग आठवलं की त्यांनी आमचीही किल्ली अशीच आणून दिली होती आणि आपली परत नेली होती, उंबऱ्याबाहेर उभं राहून. मी त्यांना एवढंही विचारलं नव्हतं की काकू, आमचं काही चुकलं का. ज्याचं चुकलं होतं त्यानंच विचारलं नव्हतं.

काय करावं ते कळेना. शेवटी मी हात पुढं केला.

"मले द्या काकू. मी ठेवतो. रोज अकोल्यालेच असतो, दाहा मिनिटांवर. काई लागलं तं आलोच समजा. आमच्या घराची बी आनून देतो तुमाले. नव्या कुलपाची."

काकू हसल्या. त्या हसण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. असता तर बरं वाटलं असतं. त्यांनी किल्ली पदराच्या टोकात बांधली आणि गाठ घट्ट केली.

"किल्ली शेजाऱ्याले देतेत, श्यामभाऊ," त्या समजावल्यासारख्या म्हणाल्या. "तुमी तं आता पावने हा." आणि माझ्यासाठी चहा ठेवायला आत गेल्या.